वरच्या माणसाचे हात

माझ्या साडूचं पोट सपाट आहे. हे मी सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण त्याचं नाव निघालं की माझ्या डोक्यात सगळ्यात आधी तेच येतं. माणूस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, पन्नाशी ओलांडलेला, आणि शर्ट आत खोचला तर पट्ट्याच्या वर काही म्हणजे काही नाही. मी शर्ट कधीच खोचत नाही. बायको म्हणते, बाहेर सोडलेलाच तुम्हाला शोभतो. ती एरवी खोटं बोलत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने तो मोठा असला तरी मानाने थोरला जावई मी. सासरी आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो आणि कामावर अरे-तुरे, कारण कामही आमचं एकच. आम्ही लोकांची घरं हलवतो. त्याला या कामाला लावलं मीच. मी त्याला साडू म्हणून हाक मारायचो, ते ऐकून ड्रायव्हरही तशीच हाक मारायला लागला, मग गोदामातले सगळे. आता मालकीणबाईसुद्धा गिऱ्हाइकाला फोनवर सांगतात, "काळजी करू नका, उद्या साडू येतील," आणि गिऱ्हाईक बिचारं विचारात पडतं. मला मात्र कोणी कुणाचा काही म्हणत नाही. मी नुसता 'ते दुसरे'.

जड सामान जिन्याने चढवायला दोन माणसं लागतात, एक खालचा आणि एक वरचा. कपाट असेल तर ते त्याच्याच पाठीवर आडवं करायचं, डोक्याची बाजू वर, बुडाची बाजू खाली. वरचा उलट्या पावलांनी पायऱ्या चढतो आणि वाट सांगतो. खालचा वजन घेतो. वरच्याला जिना दिसतो, भिंती दिसतात, वळण दिसतं. खालच्याला नाकासमोर फक्त लाकूड दिसतं. सगळं ओझं घसरत त्याच्याकडे येतं, म्हणून खालचा हाच खरा गडी, असं आमच्या धंद्यात धरून चालतात. कुठे थांबायचं ते खालचा ठरवतो. गिऱ्हाइकाने चहा दिला तर पहिला कप खालच्याच्या हातात जातो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. गेली वीसेक वर्षं मी खालचा आणि साडू वरचा.

आता मला सांगा, वजन मी उचलायचं आणि पोट त्याचं सपाट राहायचं, याला काय म्हणायचं? तो कामावर सायकलने येतो. आला की सायकल खांद्यावर टाकून गोदामाच्या तीन पायऱ्या चढतो, जणू कुणी बघतंय. बघत मीच असतो. घरी बायको सहज बोलून जाते, "भाऊजी अजून किती काटक आहेत," आणि मी पुढची पोळी नको म्हणतो. मग मी न्हाणीघरात जातो, कडी लावतो, आरशासमोर आडवा उभा राहतो आणि श्वास आत ओढतो. श्वास आत ओढलेला असतो तोवर माझंही काही वाईट नाही. पण माणसाला केव्हातरी श्वास सोडावा लागतो.

हल्ली मी गुपचूप स्वतःची परीक्षा घ्यायला लागलो होतो. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. घरात कुणी नसलं की जमिनीवर मांडी घालायची आणि हात न टेकता उठून बघायचं. एकदा असा उठताना पलंगाचा खूर धरला आणि नेमकी बायको दारात. "काय हरवलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बटण." तीही बसून शोधायला लागली, आणि शोधून झाल्यावर हात न टेकता उठली. पन्नाशी दिसायला लागली की माणूस दुसऱ्यांच्या गुडघ्यांकडे बघायला लागतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

एका गोष्टीच्या जोरावर मी तग धरून होतो. चार-पाच वर्षांपूर्वी माझी कंबर धरली होती. बुटाची नाडी बांधायला वाकलो तो तसाच राहिलो. बायकोने मला उचलून, म्हणजे जवळजवळ लोटून, पलंगावर घातलं. बरेच दिवस अंथरुणावर काढले. परत कामावर गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. पहिलंच काम एका जुन्या शिसवी कपाटाचं. वाकलो, धरलं, उचललं, चढायला लागलो, आणि काय सांगू, कपाट हलकं. मी खालून ओरडलो, "साडू, हलकं लागतंय रे."

वरून आवाज आला, "विश्रांती झाली ना. तुझी ताकद वाढली असेल."

मला ते तिथल्या तिथे पटलं. अशी गोष्ट पटायला माणसाला वेळ लागत नाही. तेव्हापासून प्रत्येक जिन्यात मला तोच अनुभव. दुसरी माणसं चाळिशीनंतर कुरकुरायला लागतात आणि माझी कंबर मोडून नवी झाली, असं मी चारचौघांत सांगायचो. उलट साडूच उतरणीला लागलाय अशी माझी खात्री होत चालली होती. पूर्वी मधूनमधून वर बघितलं की कपाटाच्या कडेवरून त्याचा चेहरा दिसायचा. आता तो दिसेनासा झाला होता. "वर आहेस की चहा प्यायला गेलास?" मी विचारायचो. "आहे, आहे," असा दबलेला आवाज यायचा. धाप लागलेली कळायची. मला आतून गुदगुल्या व्हायच्या, ते सपाट पोट असून काय फायदा, असं वाटायचं.

शिवाय त्याचे हात. बोटं मागच्या बाजूने, सांध्यांवर, कायम सोललेली. एक खपली धरली की दुसरी निघायची. इतकी वर्षं काम करून ज्याला स्वतःचे हात सांभाळता येत नाहीत, त्याला कोण कुशल म्हणेल? पण बायका. रविवारी ते दोघं आमच्याकडे येतात किंवा आम्ही त्यांच्याकडे जातो. बसल्याबसल्या माझी बायको म्हणते, "हात बघू, भाऊजी." तो नको नको म्हणतो. ती कापूस आणते, मलम आणते, एकेक बोट धरून लावते. माझ्या कंबरेला मलम लावायचं असलं तर मला म्हणते, "तुमचा हात पोचतो का बघा आधी."

एका रविवारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो साडू, भिंत कुठे असते ते अजून कळलं नाही का तुम्हाला? एवढं धडपडत चालायला काय जिना पहिल्यांदा बघताय?"

तो हसला. मेहुणी उठून आत गेली. बायकोने मलमाचं झाकण लावलं, ते जरा जास्तच घट्ट लावलं. मला वाटलं, लागलं बरोबर वर्मी.

आणि मग मालकीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. वडिलांच्या पश्चात धंदा त्याच बघतात. बोलायला सरळ आहेत. म्हणाल्या, "विमावाले मागे लागलेत. पंचेचाळिशीच्या पुढच्यांची तपासणी झाल्याशिवाय जिन्यावर पाठवायचं नाही. आणि तुम्हा दोघांपैकी एकालाच मी यापुढे जिन्यावर ठेवणार आहे. दुसऱ्याने बांधाबांधीच्या टेबलाला यायचं. पगार तोच. वाईट वाटून घेऊ नका."

बांधाबांधीचं टेबल गोदामाच्या मागच्या बाजूला, खिडकीखाली आहे. तिथे उभं राहून कपबशा कागदात गुंडाळायच्या आणि खोक्यात भरायच्या. पगार तोच हे खरं, पण आमच्याकडे टेबलावर गेलेल्या माणसाला लोक आवाज मऊ करून हाक मारतात. मला तो मऊ आवाज नको होता. आणि खरं सांगायचं तर, मी टेबलाशी उभा राहून बशा गुंडाळतोय आणि समोरून साडू सामान उचलायचे पट्टे खांद्यावर टाकून गाडीकडे चाललाय, हे चित्र माझ्याने बघवत नव्हतं. टेबलावर तो गेला असता तर मी रोज त्याला स्वतःहून चहा नेऊन दिला असता. इतका मी चांगला आहे.

तपासणीला एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. तरुण, हसऱ्या. गोदामात सतरंजी अंथरली. आधी एक मूठ दाबायचं यंत्र दिलं. त्यात मी साडूला मागे टाकलं. बाई म्हणाल्या, "वा, पकड छान आहे," तेव्हा मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मी उभा राहिलो, गोदाम एका बाजूला कललं आणि मी रॅकवर जाऊन आदळलो. साडू मात्र बगळ्यासारखा उभा. मग ते जमिनीवर बसून उठणं. मी बसलो छान. उठताना आधी एक हात गुडघ्यावर गेला, मग दुसरा सतरंजीवर, मग तोंडातून एक आवाज आला तो मी काढलेला नव्हता. बाईंनी काहीतरी लिहिलं. साडू बसला आणि दूध उतू जाताना वर येतं तसा वर आला. त्याचा गुडघा तेवढा कट्कन वाजला. बाईंनी त्याच्या मांड्यांकडे बघून विचारलं, "तुम्ही काही व्यायाम करता का? बैठका वगैरे?"

"छे," तो म्हणाला, "काम असतं तेवढंच."

काम. काम मी करत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मालकीणबाईंना म्हटलं, "बाई, बगळ्याची सोंगं करून कपाट वर जात नाही. जिन्यावर बघा काय बघायचं ते. आणि असं करा, जोड्या बदलून बघा. वर ड्रायव्हरला द्या आणि आम्हा दोघांना आळीपाळीने खाली घ्या. दुसऱ्याच्या जिवावर कोण चढतं ते एकदा दिसू दे."

"जोडी नका बदलू," साडू पटकन म्हणाला.

"का?" मालकीणबाईंनी विचारलं.

तो म्हणाला, "सवय असते हाताला. उगाच कुणाला तरी लागायचं."

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. खालची बाजू घ्यायची म्हटल्यावर घाबरला. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अरे, हट्ट करू नकोस. मी जातो टेबलावर. मी सांगतो बाईंना, गुडघा वाजतो म्हणून."

दान नको होतं मला. माझ्याकडे दान म्हणून आलेली जागा तो पुढच्या रविवारी मलम लावून घेताना किती मऊपणे मिरवेल, हे मला दिसत होतं. "जिन्यावर बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एका शिंपीणबाईंचं सामान तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. शिलाईची दोन यंत्रं, कापायचं टेबल, गाठोडी, आणि एक जुनं लाकडी कपाट, आतून रिकामं पण भिंतीसारखं जाड. जिना अरुंद, मजल्यामजल्याला वळण, लोखंडी कठडा. मालकीणबाई आणि फिजिओबाई पहिल्या वळणावर उभ्या राहिल्या. साडू खाली दाराशी, हात खिशात. आमची गाडी रस्त्यातच लावलेली होती, म्हणून जरा घाईचं होतं.

मी पट्टा कसला. शर्ट खोचला, आयुष्यात पहिल्यांदा. ड्रायव्हर वर गेला. तो माझ्याहून तरुण आहे आणि हाडापेराने दणकट, तेव्हा मला काही शंका नव्हती. "उचल," मी म्हटलं.

दोन पायऱ्या मी नुसत्या रागावर चढलो. तिसऱ्या पायरीला काहीतरी चुकलं. कपाट माझ्या अंगावर यायला लागलं. मला वाटलं ड्रायव्हरचा हात सुटला. मी वर बघितलं, आणि कपाटाच्या कडेवरून मला त्याचा चेहरा दिसला. लाल, पण ठीकठाक. भुवया उंचावून तो माझ्याकडे बघत होता, काय झालं म्हणून. जिन्यात वर बघितल्यावर मला माणसाचा चेहरा दिसावा, ही गोष्ट इतक्या वर्षांनी झाली होती की मी दचकलो.

"नीट धर," मी ओरडलो.

"धरलंय की."

आणखी दोन पायऱ्या. माझे खांदे कानापर्यंत आले. कंबरेत ती जुनी जागा आहे, तिथे कुणीतरी बोट ठेवलं. छातीत हवा जाईना. मला जिना दिसत नव्हता, लाकूडही दिसत नव्हतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वळण येईपर्यंत कसा पोचलो ते मला ठाऊक नाही. "ठेव," मी म्हटलं, आणि कपाट टेकल्यावर कठड्याला धरून खाली बसलो. फिजिओबाई धावत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. अजून अर्ध्याहून जास्त जिना बाकी होता.

मला माझ्या अंगाचा दोष मानवेना. मी ड्रायव्हरवर घसरलो. "तुला धरायचं कळत नाही. सगळं वजन माझ्यावर टाकलंस."

"वरच्याने धरतात तसंच धरलं," तो म्हणाला, आणि कपाटाच्या वरच्या कडेवर त्याने हात ठेवून दाखवले. ताठ उभं राहून, छातीपाशी. बरोबर होतं. सगळे तसंच धरतात.

"तसं नाही. साडू धरतो तसं धर."

"साडू कसा धरतो?"

वीस वर्षं तो माणूस कपाटाच्या पलीकडच्या टोकाला होता. त्याचे हात कुठे असतात ते मी एकदाही बघितलं नव्हतं. खालच्याला दिसतच नाही. मी जिन्यातून खाली साडूकडे बघितलं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

"दाखव," मी म्हटलं.

"जाऊ दे ना."

"साडू, दाखवा बघू," मालकीणबाई म्हणाल्या.

तो वर आला, आमच्यामधून वाट काढत कपाटाच्या वरच्या टोकाला गेला आणि खाली बसला. म्हणजे अगदीच बसला नाही. पायरीवर उलटा उभा राहून त्याने गुडघे दुमडले, इतके की बसल्यासारखाच दिसायला लागला. पाठ वाकवली, दोन्ही तळवे उताणे करून त्याच टोकाच्या खालच्या कडेखाली घातले आणि तिथून उचललं. कपाट जवळजवळ आडवंच राहिलं. असं धरलं की खालच्याचं वजन वर सरकतं, हे मला नुसतं बघूनच कळलं. आणि त्याची बोटं, मागच्या बाजूने, पायरीच्या दगडी कडेला घासत होती. नेमकी सांध्यांवर.

ही युक्ती आमच्यापैकी सगळ्यांना माहीत असते. वळणापाशी एखाद्या पायरीपुरती वरचा असा वाकतो, शिव्या देत. असा अख्खा जिना कुणी चढत नाही. चढताच येत नाही, असं मी कुणालाही सांगितलं असतं.

"असे वाकून तुम्ही उलट चढता?" फिजिओबाईंनी विचारलं. "केव्हापासून?"

साडूने कपाट टेकवलं. "यांचं ते कंबरेचं झालं तेव्हापासून." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई आल्या होत्या आमच्याकडे. म्हणाल्या, भाऊजी, काम सोडा म्हटलं तर ते ऐकायचे नाहीत. तुम्हीच बघा काहीतरी."

ताई म्हणजे माझी बायको. मला तिचं ते मलमाचं घट्ट लावलेलं झाकण आठवलं. मेहुणी उठून आत गेली होती ते आठवलं. भिंत कुठे असते ते कळत नाही का, असं मी विचारलं होतं, आणि तो हसला होता. आणि चहाचे ते सगळे पहिले कप. इतक्या घरी, इतक्या जिन्यांच्या शेवटी, मी हात पुढे करून घेतलेले. मला लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीच, पण तिच्याही आधी पुन्हा तीच जुनी गोष्ट वाटली, की बघा, यातसुद्धा हा पुढे. त्या मांड्या माझ्या कपाटांनी घडवल्या होत्या.

टेबल कुणाचं ते जिन्यातल्या कठड्यालाही समजलं होतं. मालकीणबाई फिजिओबाईंना घेऊन वर गेल्या, शिंपीणबाईंना थोडा वेळ लागेल म्हणून सांगायला. खाली रस्त्यात कुणीतरी भोंगा वाजवायला लागलं. आमची गाडी आडवी आली होती. ड्रायव्हर किल्ली घेऊन पळत खाली गेला. वळणावर आम्ही दोघं राहिलो आणि कपाट.

"तू बस," साडू म्हणाला. "ड्रायव्हर आला की आम्ही नेतो. मी वर, तो खाली."

"असाच वाकून?"

"छे. तो तरुण आहे. त्याच्यासाठी कोण वाकतंय?"

मी कठडा धरून उठलो. हात टेकूनच उठलो, आता लपवायचं कुणापासून? कपाटाच्या कडेने वरच्या टोकाला गेलो आणि तिथे उभा राहिलो. "तू खाली जा," मी म्हटलं.

"वेडा झालास का? कंबर जाईल."

"खोकी भरायला कंबर लागत नाही. उद्यापासून मी टेबलावर. आज हे वरच्या वळणापर्यंत नेऊ, पुढे ड्रायव्हर घेईल. जा खाली."

त्याने एकदा माझ्या कंबरेकडे बघितलं. मग गेला. तो लाकडाच्या पलीकडे दिसेनासा झाल्यावर मी शर्ट परत बाहेर काढला, कारण खोचलेल्या शर्टात वाकता येत नाही, आणि गुडघे दुमडले. पोट मधे आलं. मांड्या आणि पोट यांच्यात जागेवरून भांडण झालं. पाठ वाकवली. तळवे उताणे करून कडेखाली घातले. पायरी बोटांना थंड लागली.

"उचल," खालून आवाज आला. खालचा सांगतो, ही रीतच आहे.

मी उचललं. पहिल्या पायरीला मांड्या पेटल्या. दुसऱ्या पायरीला मधलं बोट सोललं. तिसऱ्या पायरीला मला कळलं की हा माणूस हे सगळं करत असताना वर "डावीकडे घे, कठडा सांभाळ" असंही बोलत होता, आणि "वर आहेस की चहा प्यायला गेलास" याला उत्तर देत होता. मला त्याचा हेवा वाटला. त्या पायरीवर, त्या अवस्थेत, अगदी पोटातून वाटला. इतका की मी चौथी पायरी चढलो.

"थांब," खालून साडू म्हणाला. "हलकं लागतंय."

बोलण्याइतका श्वास नव्हता.

"अरे, खाली धरलंयस का?"

मी श्वास गोळा केला. "नाही," मी म्हटलं. "तुझी ताकद वाढली असेल."

मग कपाट हलायला लागलं, बारीक, थरथर. तो हसत होता की आणखी काही, ते मला दिसत नव्हतं. इतकं वाकलं की वरच्यालाही नाकासमोर फक्त लाकूडच दिसतं.

"डावीकडे घे," मी म्हटलं. "कठडा सांभाळ."